लागलेल्या विहिरीची टोपी

मंगळवार, संध्याकाळ. हिवरखेड.

आज बाबांनी मला टॉवेल-टोपी दिली आणि मी ती गुमान घेतली. घ्यायला नको होती.

आमच्याकडे विहिरीला पाणी लागलं की मालक खोदणाऱ्याला टॉवेल-टोपी देतो. मी कामाला समुद्रात तेलाच्या विहिरी खोदणाऱ्या रिगवर. तिथे तेल लागल्याची बातमी टीव्हीवर आली, तेव्हाच बाबांनी टोपी आणून ठेवली होती म्हणे. आज शेजारपाजारचे बोलावले, नारळ फोडला. मग सगळ्यांसमोर विचारलं, "आता तेल कवा काढता?"

"सध्या नाई, बाबा. तेलाचा भाव पडला. आता काढलं तं खर्चई निंगत नाई. सिमेंट भरून बंद केली विहीर."

"लागलेली विहीर कोनी बुजवते काय?"

पुढचं तर बोललोच नाही. नवं यंत्र जमिनीखाली आडवं वळतं, कितीतरी विहिरींचं काम एकीतून होतं, आणि ते चालवणारा दूर शहरात स्क्रीनपुढे बसतो. आमच्या पाळीतल्या सगळ्यांना कामावरून काढून घरी पाठवलं. इथे मात्र रजेवर आलोय म्हणून सांगितलं. कसली रजा?

टोपी डोक्याला घट्ट होते. तरी जेवेपर्यंत काढली नाही.

जेवताना बाबा म्हणाले, "परत जाशीन तवा टोपी संगं ने. तिथल्या लोकायले दाखव."

आईनं लगेच ती बॅगेत सगळ्यात वर ठेवली. बॅग दारापाशी तयार आहे.