ट्रेडचा रकाना

मंगळवार, १४ जून १९९४

बोम्मसंद्र्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात साहेबानं आज माझं फौजेतलं डिस्चार्ज बुक नुसतं चाळलं. ट्रेडच्या रकान्यात रेडिओ मेकॅनिक, वर्ग एक असं स्वच्छ लिहिलंय, कोडसकट. न वाचताच म्हणाला, "सरी, ठीक आहे, फौजी ना? गेटवर लागा," आणि अर्जावर 'वॉचमन' लिहिलं. सतरा वर्षं बिनतारी सेट दुरुस्त केले ते काय गेट उघडायला? त्याच्यासमोरच तो शब्द खोडला, माझा ट्रेड लिहिला आणि उठलो. चुकलं का माझं? मुळीच नाही.

बाहेर पडताना गेटवरच्या म्हाताऱ्या वॉचमननं खणखणीत फौजी सॅल्यूट ठोकला. मी सवयीनं विचारलं, "अण्णा, तुमचा ट्रेड?"

"टँक मेकॅनिक," तो इतकं हळू म्हणाला की पुन्हा विचारावं लागलं.

उद्या दुसऱ्या कारखान्यात जाणार. मी हळू बोलणार नाही.