दुर्गच्या दुकानातल्या मायच्या प्लेटा

माय, मी रविवारी सकाळी दुर्गच्या जुन्या बाजारात भांडी हुडकत फिरते, हे तुला कळलं असतं तर तू माझ्याशी दोन दिवस बोलली नसतीस. दुसऱ्याच्या घरातलं जुनं आपल्या घरात नको, हा तुझा कायदाच होता. शेजारच्या काकूंनी मला एकदा कान तुटलेला, पण गुलाबाची फुलं असलेला कप दिला होता. मी तो नाचवत घरी आणला. तू स्टोव्ह बंद केलास, पदराला हात पुसलेस आणि म्हणालीस, "परत देऊन ये. आमाले कोनाचं उतरलेलं नाही पायजे." मी रडत गेले, आणि मी खरंच देते की नाही ते बघत तू दारात उभी राहिलीस. आता पन्नाशी ओलांडल्यावर मी तसलेच कप शोधते आणि घासाघीस करून आणते. भिलाईच्या पोलाद कारखान्याच्या टाउनशिपमधले क्वार्टर रिकामे होतात, म्हातारी माणसं पोरांकडे पुण्याला नाहीतर हैदराबादला जातात, आणि त्यांची चिनी मातीची भांडी भंगारवाल्याकडे येऊन पडतात. पुढे पंखे आणि लोखंडी पलंग, मागे खोक्यांत बशा. त्या खोक्यांत हात घातला की मला जेवणाची शुद्ध राहत नाही. मोहन नगरातल्या माझ्या घरात एक कपाट भरलंय, आणि पाहुणे आले की मी ते मिरवते, खोटं कशाला बोलू.

होळीनंतरच्या एका रविवारी दुकानदार म्हणाला, "दीदी, आपके मतलब का माल आया है." वर्तमानपत्रात नीट गुंडाळलेली एक प्लेट होती, पांढरी, काठाला निळी वेल. वेल ओळखीची वाटली, पण तसल्या प्लेटा भिलाईत किती घरांत असतील. बुडाखालचा छाप बघायला मी ती सवयीनं उलटी केली. छापाशेजारी लाल नेलपेंटचे दोन ठिपके. जयंतीच्या भोजनदानाला सगळ्या कॉलनीची भांडी एकत्र होत, मग कुणाची कुठली यावरून भांडणं होत, म्हणून तू प्रत्येक भांड्याला आपली खूण करायचीस. जन्मात कधी नखाला नेलपेंट लावलं नाहीस, भांड्यांच्या बुडाला मात्र लावलंस. बाबांना प्लान्टात सेफ्टीचं बक्षीस मिळालेला तो सेट. खुद्द बाबांना तू त्यात जेवू दिलं नाहीस, आणि धाकटीच्या लग्नात तिला अख्खाच्या अख्खा देऊन टाकलास. मला तेव्हा फार राग आला होता, आता बोलून काय उपयोग.

धाकटीला फोन केला. "कामात आहे ताई, मंग बोलते," म्हणाली, आणि तिचं ते मंग काही आलं नाही. पुढच्या रविवारी दुसरी प्लेट आली. त्यानंतर भाजीचा बाउल. तोही तसाच कागदात गुंडाळून, वर दोरा बांधून, एखाद्याला प्रवासाला पाठवावं तसा. मी विचारलं, कोण आणतं हे? दुकानदार म्हणाला, "एक मैडम हैं, स्कूटी से आती हैं. मुँह से स्कार्फ नहीं उतारतीं. दाम भी नहीं पूछतीं. बस इतना पूछती हैं, वो मोहन नगर वाली दीदी संडे को आती हैं न?" आपल्याकडे सगळ्याच बाया स्कूटीवर तोंड बांधतात, पण सावलीत आल्यावर सोडतात.

दुसऱ्या दिवशी मी जुनवानीला धाकटीच्या घरी गेले. तुझा जावई फर्स्ट शिफ्टला असेल अशी वेळ बघून गेले. धाकटीनं दार उघडलं, चहा ठेवला आणि स्टीलच्या गिलासात दिला. मांडणीवर सगळं स्टील आणि प्लास्टिक. मी म्हटलं, "कावून विकून राहिली व मायच्या प्लेटा?"

"विकून नाही राहिली. घराबाहेर काढून राहिली. चार फुटल्या, बाकीच्या तरी वाचतीन."

"फुटल्या कशानं?"

तिनं ओट्यामागच्या भिंतीकडे बघितलं. तिथला गिलावा जागोजागी उडाला होता, तिच्या डोक्याच्या उंचीला. तिच्या गालाच्या हाडावर एक डाग होता, पिवळा पडत चाललेला. मग मला इतकंच सुचलं, की या प्लेटा सरळ माझ्याकडे का नाही आणल्यास.

"तू इचारलं असतं," ती म्हणाली. "मले तोंडानं सांगता येत नाही, ताई. वाटलं, ठिपके दिसतीन तुले."

मी तिचा दंड धरला, तर ती कळवळली. मी म्हटलं, चल, बॅग भर, आत्ताच्या आत्ता. पण त्याची ड्यूटी सुटायची वेळ झाली होती. "एकच प्लेट राहिली आता," ती घाईघाईनं म्हणाली. "ते दुकानात दिसली का तू ये. मी तयार राहीन." तेवढ्यात गेट वाजलं. तू म्हणायचीस ना माय, पोरगा शांत आहे, कधी आवाज चढवत नाही? नाहीच चढवत. "ताई, कवा आल्या? जेवूनच जा," म्हणाला. हात धुतले, पाण्याचा गिलास घ्यायला मांडणीशी गेला आणि तिथंच उभा राहिला. "घरातल्या प्लेटा कमी होऊन राहिल्या," तो माझ्याकडे न बघता बोलला. "तुमच्या इथं लय जमा झाल्या म्हणतात." आणि हसला. मी जेवले नाही. निघाले तेव्हा तो गेटपर्यंत सोडायला आला, आणि धाकटी त्याच्या मागे होती म्हणून मला तिचं तोंड दिसलं नाही.

आज प्लेट आली. कागद नाही, दोरा नाही, काउंटरवर तशीच उघडी. मी हात लावायच्या आत दुकानदार म्हणाला, "आज मैडम नहीं आईं, साहब आए थे. पैसे भी नहीं लिए. बोले, दीदी को दे देना, ये आखिरी है."

धाकटीचा फोन बंद आहे. सकाळपासून लावते आहे. पोलिसांना फोन केला, तिथल्या बाईंनी जुनवानीचा पत्ता विचारला, म्हणाल्या, आम्ही निघतो, वाटेत तुम्हाला घेतो, एकट्या जाऊ नका. म्हणून पायात चप्पल घालून दाराशी बसले आहे आणि गाडी येईपर्यंत हे लिहिते आहे. कुठं पाठवायचं नाहीच. तू असतीस तर गाडीची वाट बघत बसली नसतीस. पदर खोचून, मिळेल त्या ऑटोनं केव्हाच त्याच्या दारात जाऊन उभी राहिली असतीस. मीही म्हणणार होते त्या बाईंना, की तुम्ही या, मी पुढे होते. पण त्या एकट्या जाऊ नका म्हणाल्या ना, माय, तेव्हा मला बरं वाटलं.