एकोणीस एकांची संख्या

मूल गाव, सोमवार, दिवेलागणीला

बाबांची तेरवी आज उरकली. पाहुणे गेले, मी त्यांची वही उघडली आणि तेच पुन्हा डोक्यात सुरू झालं. मी असं काऊन केलं?

पाय गेल्यापासून बाबांचं तळ्यावर जाणं बंद झालं, जाळं खुंटीला अडकलं. दिवसभर भिंतीकडे पाहत पडून राहायचे. म्हणून मी वहीत ओळीनं एकोणीस एक लिहून दिले. म्हटलं, "बाबा, ही एकच मोठी संख्या आहे. एक सोडून कोणत्या लहान आकड्यानं हिला बाकी न उरता भाग जातो, ते शोधा." ती मूळ संख्या आहे. असा आकडाच नाही, हे शाळेत गणित शिकवणाऱ्या मला पक्कं माहीत होतं. चौथी शिकलेल्या माणसाला मी फसवलं.

तीन, सात, अकरा, तेरा. दरवेळी बाकी एक. सतरानं भागल्यावर नऊ उरले, तर किती हसले! "चला, एकानं पिच्छा सोडला." एकोणीसनं भागलं, पुन्हा एक. मी शाळेतून आले की बाबा वही पुढे करायचे, "मॅडम, तपासून द्या."

मघाशी आत्याजवळ रडत रडत सगळं कबूल केलं. ती म्हणाली, "भाऊले मालूम होतं, माय. मले म्हणे, हा आकडा काई भागत नाई. पण पोरगी रोज तपासाले जवळ बसते, म्हणून करून राह्यलो."

सदतीसचा भागाकार अर्धाच राहिला होता. आत्ता बसून पूर्ण केला. बाकी एक.

तपासायला कोणी नाही.