सूर्याला लोडशेडिंग नसतं

२ फेब्रुवारी, सकाळी ७.१०

बाबांच्या कपाळाला तीन टाके. शेजारच्या कंडक्टर काकांची दोन बोटं सुजली. दादाचा शर्ट गेला. मला काहीही झालेलं नाही, कारण मी मध्ये पडून दोन्ही बाजूंना शांत करत होते.

घटनाक्रम लिहून ठेवते. पहाटे पाचला बाबांनी खालच्या वर्कशॉपमध्ये ग्राइंडर लावला. शाळेच्या फाटकाची ऑर्डर आहे. पाच वाजून चार मिनिटांनी कंडक्टर काका बनियनवर, हातात पाण्याची बादली घेऊन आले. त्यांनी तीस वर्षं पहाटेची पहिली बस केली आणि रिटायर होताना शपथ घेतली, की मरेपर्यंत आठच्या आत डोळा उघडायचा नाही. बादली त्यांनी चालत्या ग्राइंडरवर ओतली. मोठा जाळ, फ्यूज उडाला, आणि मग अंधारात ज्याच्या हाताला जे लागलं ते त्याने वापरलं. वर्कशॉपमध्ये हाताला लागतं ते सगळं लोखंडाचं.

दोष कोणाचाच नाही. दोष विजेचा आहे. सकाळी दहा ते संध्याकाळी सहा वीज नसते. सहानंतर येते ती इतकी मरतुकडी, की वेल्डिंगची ठिणगीसुद्धा धरत नाही. राहते फक्त पहाट.

मी या घरातली पहिली ग्रॅज्युएट. समाजशास्त्र, जोडीला पर्यावरण, त्यात ७८ मार्क. हा प्रश्न हातांनी नाही, विचारांनी सुटेल.

संकल्प : या घरात यापुढे कोणीही कोणावर हात उचलणार नाही. सुरुवात माझ्यापासून.

संध्याकाळी ७

दादाने संकल्पाची टिंगल केली. माझ्या हातातला स्टीलचा ग्लास निसटून त्याच्या कानाला लागला. ओले ग्लास निसटतात. आई म्हणाली, तुझा ग्लास नेहमी नेम धरून निसटतो.

५ फेब्रुवारी

हवालदार येऊन गेले. आठच्या आधी मशीनचा आवाज आला असं पुन्हा कानावर आलं तर शटरला सील. चर्चा नाही, अर्ज नाही. एकवीस वर्षं झाली त्या शटरला. हवालदार गेले आणि बाबा शटरच्या पट्टीला ग्रीस लावत बसले, लावायची काही गरज नसताना.

म्हणजे आता आठ ते दहा. दिवसाला दोन तास. दोन तासांत फाटक होत नाही, फाटकाची कडी होते.

८ फेब्रुवारी, दुपारी

उत्तर सापडलं. ते रोज आमच्या डोक्यावरच होतं.

गच्चीवर सोलर. दहा ते सहा, म्हणजे नेमकी वीज नसते तेव्हाच ऊन. शिवाय नेट मीटर. आपण वापरून उरलेली वीज कंपनीच्या तारेत जाते, आणि मीटर उलटा हिशोब धरतो. बाबा दिवसा काम करतील, काका आठपर्यंत झोपतील, हवालदारांना या गल्लीत यायचं कारण उरणार नाही. एका पॅनेलमध्ये ऊर्जा आणि शांतता दोन्ही.

जेवताना सांगितलं. दादा म्हणाला, बॅटरी लागते का विचार. मी म्हटलं, माहितीपत्रकात मोठ्या अक्षरात लिहिलंय, बॅटरीची कटकट नाही. तो म्हणाला, मग वीज ठेवतात कुठे? मी त्याला सांगितलं, की ज्यांनी नववीत शाळा सोडली त्यांनी तांत्रिक प्रश्न विचारू नयेत. हे बोलणं कठोर होतं, पण हिंसक नव्हतं.

१४ फेब्रुवारी

दोन्ही घरांची जागृती बैठक आमच्या ओट्यावर घेतली. तक्ता केला होता : ‘सूर्याला लोडशेडिंग नसतं.’ सरळ राहावा म्हणून आत पाऊण इंची पाइप घातला होता.

पहिली दहा मिनिटं उत्तम. मग कंडक्टर काका म्हणाले, तुझ्या बापाला म्हणावं आधी माझ्या बोटांचा एक्स-रे काढून दे, मग सूर्य दाखव. बाबा म्हणाले, बोटं माझ्या कपाळावर आपटून सुजलीत, कपाळाचं काय? दादाने खुर्ची उचलली. काकांनीही उचलली. मी दोघांच्या मध्ये तक्ता धरला.

काकांच्या खांद्याला तक्ता लागला. दोनदा. गर्दीत दिशा कळत नाही.

तरीही बैठक यशस्वी. खांदा चोळत काका म्हणाले, दिवसा मशीन चालणार असेल तर मी स्वतः तुमची गच्ची झाडून देतो. लेखी घेतलं.

२१ फेब्रुवारी

सोलरवाला आला होता. गळ्यात टाय, बुटांना चिखल. चाळीस पानांचा करार, सगळा इंग्रजीत. बाबांनी तो माझ्यासमोर सरकवला. म्हणाले, तू वाच, तू सांगशील तिथे मी सही करतो. घरी इंग्रजी वाचणारी मी एकटीच. बाबांच्या चेहऱ्यावर जे होतं ते मला पदवीदान समारंभातही दिसलं नव्हतं.

सगळं वाचलं. पिवळ्या पेनाने महत्त्वाच्या ओळी रंगवल्या. बाबांनी मोटारसायकल विकून पहिला हप्ता दिला.

जाताना सोलरवाला म्हणाला, मॅडम, एवढं कोणी वाचत नाही. मला तो टोमणा वाटला. दार लावताना त्याची बोटं चौकटीत होती. वारा होता.

९ मार्च

गच्चीवर बारा पॅनेल. अजून चालू करता येत नाहीत. नेट मीटर बसेपर्यंत सील. बाबा आठ ते दहा काम करतात, बाकीचा वेळ गच्चीवर जाऊन पॅनेलकडे बघतात. पहाटे मशीन एकदाही लागलेली नाही. काका रोज साडेआठला जांभया देत येतात आणि जुन्या युनिफॉर्मच्या कापडाने पॅनेल पुसतात. काल म्हणाले, एवढी झोप मी लग्नानंतर पहिल्यांदा काढतोय.

शाळेचा शिपाई फाटकाची चौकशी करायला चौथ्यांदा आला. दादाने त्याची कॉलर धरली. मी सोडवली. शिपायाचं बटण तुटलं ते सोडवण्यात.

दादा म्हणतो, सोडवणं आणि झटापट यात तुझ्यापुरता फरक सांग. मी त्याला चावले असं तो आईला सांगत फिरतोय. दंडावरच्या खुणा कोणत्याही दातांच्या असू शकतात.

२७ मार्च, सकाळी ९.२०

मीटर बसला!!

मीटर विभागाचे साहेब स्वतः आले. सील तोडलं. नव्या मीटरवर बाण डावीकडून उजवीकडे जायला लागला. साहेब म्हणाले, बघा, तुमच्या घरातून वीज बाहेर चाललीये. आई हळूच म्हणाली, आणि आपल्याला लागली तर? सगळे हसले. काकांनी बाबांच्या पाठीवर थाप मारली. मारामारी नसताना झालेला त्यांचा पहिला स्पर्श.

बाबांनी फाटकाची चौकट ओट्यावर काढली आहे. वेल्डिंगची काच डोळ्यांवर चढवून दहा वाजायची वाट बघताहेत. शाळेला शब्द दिलाय, सहापर्यंत फाटक तयार.

दहाला पाच कमी. हा क्षण टिपायला वही खाली नेते.

त्याच दिवशी, संध्याकाळ

दहाला गल्लीतली वीज गेली. आमचीही.

ऊन होतं. कडक ऊन होतं. गच्चीवर पाय ठेववत नव्हता. बारा पॅनेल चकाकत होती आणि मशीन मढ्यासारखी गार. सोलरच्या इन्व्हर्टरवर लाल दिवा.

बाबांनी तीनदा इलेक्ट्रोड टेकवला. टक. टक. टक. मग काच वर केली आणि माझ्याकडे बघितलं.

सोलरवाल्याला फोन केला. तो म्हणाला, मॅडम, लाइन गेली की सिस्टिम बंद होते, तशीच बनवलेली असते. करारात आहे, पान सतरा.

पान सतरा काढलं. ती ओळ पिवळी होती. मीच रंगवलेली.

हे मी कोणाला सांगितलं नाही. सांगितलं की तांत्रिक बिघाड आहे. दादाने हातोडी घेऊन इन्व्हर्टरच्या पत्र्यावर तीन घाव घातले. बाबांनी त्याच्या कानाखाली वाजवली. त्याने बाबांना ढकललं, बाबा चौकटीवर पडले, कोपर फाटलं. काका गॅलरीतून म्हणाले, सूर्याला नसतं म्हणे लोडशेडिंग. बाबांनी हातातला इलेक्ट्रोडचा होल्डर फेकला, तो काकांच्या गॅलरीच्या काचेतून आत गेला. काका खाली आले ते काचेचा तुकडा हातात धरून, आणि तो त्यांच्याच तळव्यात घुसला. ओट्यावर रक्त. शाळेचा शिपाई सहाला आला, ते बघून दारातूनच परत गेला.

मी या सगळ्यात कोणालाही मारलेलं नाही. दादाच्या पाठीवर चप्पल बसली ती माझी होती, पण ती पायातून सुटली होती.

संकल्प : निराश व्हायचं नाही. बिघाड दुरुस्त होतो.

२८ मार्च

वीज कंपनीला अर्ज केला : ‘सूर्यप्रकाश मुबलक असूनही यंत्रणा बंद पडते, तरी त्वरित तपासणी व्हावी.’ ठळक अक्षरांत.

बाबा म्हणाले, नेमकं झालंय काय? मी म्हटलं, लाइनमन येऊन बघेल. ते म्हणाले, पण करारात काही लिहिलं असेल की. मी म्हटलं, करारात असं काही नाही.

हे खोटं नाही. करारात ‘असं’ नाही, वेगळ्या शब्दांत आहे.

३ एप्रिल, दुपारी १

सकाळी मशीन आठलाच लावली, दहाला बंद. तेव्हापासून आम्ही लाइनमनची वाट बघत होतो. तो अकराला आला. भिंतीला शिडी लावून वर चढला, जिथे आमची वायर खांबाच्या तारेला जोडली आहे. दादाने शिडी धरायला हवी होती, तो रुसून गच्चीवर होता. मी धरली. बाबा खाली उभे. काका गॅलरीत, तळव्याला पट्टी.

लाइनमन वरूनच म्हणाला, सगळं ठीक आहे, बिघाड काही नाही.

मी म्हटलं, बिघाड नाही कसा? ऊन आहे, वीज नाही.

तो म्हणाला, “ताई, लाइन बंद आहे म्हणून मी हिला हात लावतोय. तुमच्या गच्चीवरची वीज उलटी इकडे आली असती तर मी आत्ता इथे भाजून लटकलो असतो. बंद पडते तेच बरं आहे.”

मी सांगितलं, की मला तत्त्व कळतं, मी शिकलेली आहे.

“मग कागद वाचला नाहीत का? सगळ्यांच्या कागदात लिहिलेलं असतं. पान सतरा-अठरावर कुठंतरी.”

बाबांनी माझ्याकडे बघितलं.

मग शिडी हलली.

लाइनमन ओट्यावर पडला. मनगट मोडलं. हाड मोडल्याचा आवाज सुक्या काटकीसारखा येतो. फरशा तिथे वरखाली आहेत, शिडी कधीही हलू शकते.

३ एप्रिल, संध्याकाळी ६.३०

चौकीतून आलो.

लाइनमनने हात गळ्यात अडकवूनच सांगितलं, पोरीने शिडी हलवली, दोन्ही हातांनी. हवालदारांनी मला विचारलं. मी फरशांचं सांगितलं. ते म्हणाले, फरशांना हात नसतात. साक्षीदार कोण? बाबा ओट्यावर होते, पण हवालदार म्हणाले, बापाची साक्ष नको. मग कंडक्टर काका.

काकांनी सगळं बघितलं होतं. गॅलरीतून शिडी तीन हातांवर. मला माहीत होतं ते आता काय बोलणार. तक्त्याचे दोन, गॅलरीची काच, तळवा. सगळी वसुली एका वाक्यात झाली असती.

काका म्हणाले, मी झोपलो होतो.

हवालदार म्हणाले, सकाळी अकराला? काकांनी तळव्याची पट्टी चाचपली. मग म्हणाले, “पहाटे पाचला मशीन लागते साहेब, झोप होत नाही. म्हणून अकराला पडतो.”

हवालदारांचं पेन थांबलं. आपण काय बोललो ते काकांना तेव्हा कळलं. हवालदारांनी बाबांना विचारलं, पहाटे मशीन लावता? मी बजावून गेलो होतो.

बाबांनी एक क्षणही घेतला नाही. म्हणाले, “लावतो. आज पण लावली होती.”

मग हवालदारांनी दोन कागद लिहिले. एकात, साक्षीदार झोपेत असल्याने शिडी घसरल्याची नोंद. दुसऱ्यात, शटरला सील.

बाहेर आल्यावर मी काकांना विचारलं, तुम्ही असं का केलंत? ते म्हणाले, “फुकटे दोन जातीचे असतात. एकाला ठाऊक असतं तिकीट नाही. दुसऱ्याला खरोखर वाटतं आपण काढलंय, तो शेवटच्या स्टॉपपर्यंत खिसे चाचपत राहतो. पहिल्याला मी उतरवायचो. दुसऱ्याला नाही उतरवता आलं कधी.” आणि पट्टीचा हात खिशात घालून पुढे चालायला लागले.

वयामुळे काकांचं बोलणं भरकटतं. बसचा इथे काय संबंध.

४ एप्रिल, सकाळी ९

शटरवर लाखेचं सील. अर्धं फाटक आत आहे. बाबा कामाला गेले, बाजारापलीकडच्या मोठ्या कारखान्यात, दुसऱ्याच्या हाताखाली. तिथे जनरेटर आहे. दादा माझ्याशी बोलत नाही. आईने चहा ठेवला आणि ग्लास माझ्यापासून लांब.

मीटरवरचा बाण बाहेर चाललाय. दहाला थांबेल.

नवा संकल्प लिहायला बसले होते. त्याआधी हे लिहिते.

काल पहाटे मशीन लागली नव्हती.

शिडी मी हलवली.