दोन सूत सोडून

२ ऑक्टोबर २०२५, दसरा, सकाळी ९
नवी करवत, रंधा, पटाशी यांची पूजा केली. झेंडू वाहिला. आजपासून सुतारकाम. मोबाइलवर 'बिगिनर्ससाठी सोपं वुडवर्क'चे अकरा व्हिडिओ पाहिले. बारावा पाहायची गरज वाटली नाही. पेपर मिलच्या स्टोअरमध्ये एकतीस वर्षं काढली आणि कागद म्हणजे शेवटी लाकूडच.
संकल्प : दिवाळीपर्यंत डायनिंग टेबल आणि सहा खुर्च्या. एकट्या माणसाला सहा खुर्च्या कशाला, असं विचारणारं घरात कोणी नाही. सोयच आहे.

५ ऑक्टोबर
टेबल रद्द. व्हरांड्यात मावणार नाही. त्यापेक्षा बाक. दोघं बसतील एवढा.

७ ऑक्टोबर
बाक रद्द. फळी कापताना करवत तिरकी गेली. करवतीत मॅन्युफॅक्चरिंग डिफेक्ट असावा.
आता चार पायांचा पाट. भाऊबीजेला पाट लागतो, हा निव्वळ योगायोग.
चारू, माझी धाकटी बहीण, जैनाबादला असते. तापीचा पूल ओलांडला की आलंच. चार वर्षांत गेलो नाही. तिच्या रंजिताच्या लग्नात सख्ख्या मामाला प्लास्टिकची खुर्ची दिली. तिसरी रांग, लाल रंग, मागचा पाय चिरलेला. मी न जेवता उठून आलो. ते सगळं मी केव्हाच विसरलोय.
यंदा स्वतःच्या हातचा पाट घेऊन जायचं आणि त्यावर बसून ओवाळून घ्यायचं. माणसाला बसायला कसं द्यावं, तेही तिला कळेल.

११ ऑक्टोबर
शालिग्राम मिस्त्रीला सहज विचारलं. हा सुतार चारूच्याच गल्लीतला. म्हणाला, "कडूसाहेब, निशानीपासून दो सूत छोडके काटना. नंतर रंधा मारायचा हाये ना." पाट कोणासाठी ते त्याने विचारलं नाही. मीच तीनदा सांगितलं.

१२ ऑक्टोबर
शेजारच्या पावरलूमवरून सूत आणलं. प्रत्येक निशाणीवर दोन धागे ताणून चिकटवले, तेवढं सोडून कापलं. अत्यंत काटेकोर काम. मग रंधा मारला. पाय चार, उंच्या चार.

१३ ऑक्टोबर
शालिग्राम खाली बसून हसला. सुताराचं सूत म्हणजे म्हणे इंचाचा आठवा भाग. बऱ्हाणपुरात जन्मलेल्या माणसाला सूत म्हणजे लूमवरचंच. यात माझी काय चूक?

१५ ऑक्टोबर
त्याने गल्लीभर सांगितलं. चारू हसली का, हे विचारायचं नाही असं ठरवून गेलो होतो. विचारलं. म्हणाला, "बाई लई हासल्या. बोलल्या, दादाले सांगा, पाटबिट राहू दे, चटईवर ओवाळून देईन."
चटई! म्हणजे खुर्चीवरूनही खाली.
पण हसली. मला बरं वाटलं. फार बरं वाटलं.

१८ ऑक्टोबर, धनत्रयोदशी
पाट डुगडुगतो. एक पाय कमी केला, तर दुसरा लांब ठरला. तोही कमी केला. लोक म्हणतील, नाचता येईना अंगण वाकडं. पण आमचं अंगण खरोखर वाकडं आहे.

२१ ऑक्टोबर, लक्ष्मीपूजन
दुकानातून पाव किलो चकली आणली. एका माणसाला आठवडा जातो. चारूचा नंबर काढला. मग वाटलं, आधी पाट होऊ दे. नुसतंच काय बोलायचं?

२३ ऑक्टोबर, भाऊबीज, सकाळी ७
अंघोळ, इस्त्रीचा सदरा. निघताना पाट एकदा तपासला. दोन सूत डुगडुगतो. सुताराच्या सुतात. दहापर्यंत होईल.

दुपारी १
बारीक काम आहे. चारू काही परकी नाही, समजून घेईल.

दुपारी ४
सदऱ्यावर भुसा. पाट आता बराच बुटका.

संध्याकाळी ६.३०
जमलं! चारही पाय टेकले! अंगणात उभा राहिलो तर पश्चिमेला नखाएवढी चंद्रकोर. बराच वेळ बघत होतो. आता रिक्षा मिळायची नाही. उद्या जाऊ. सख्ख्या बहिणीकडे जायला कसला मुहूर्त?

२४ ऑक्टोबर, सकाळी १०
निघतच होतो, तेवढ्यात शालिग्राम आला. चारूने त्याच्या हाती करंज्यांचा डबा पाठवलाय. म्हणाला, बाईंनी काल सकाळीच चटई अंथरून भोवती रांगोळी काढली होती. दिवसभर जेवल्या नाहीत. साडेसहाला तबक घेऊन अंगणात गेल्या आणि चंद्राला ओवाळलं.
ज्यांना भाऊ नसतो त्या बायका चंद्राला ओवाळतात.
शालिग्रामने पाट हलवून पाहिला. एक नंबर झालाय म्हणाला. मला त्याच्यासमोरच रडू आलं. भुसा डोळ्यात गेला, असं सांगितलं.

दुपारी ३
करंज्या आईच्या हातच्यासारख्या. सगळ्या संपवल्या. आजच गेलं पाहिजे. पाट नको, काही नको.
फक्त डबा रिकामा परत करत नाहीत. त्यात मावेल असं लाकडाचं छोटंसं काहीतरी करतो, मग निघतो.