नावं काढलेला अर्ज

२ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पोचले, रुजू झाले, खोलीही मिळाली. दारावर माझ्या नावाची पाटी आहे, म्हणजे तूर्त तरी मी खगोलशास्त्रज्ञ. करार संपला की पाटी सरकवून काढता येते, अशी सोय आहे. मजल्यावर सगळ्यांची दारं बंद. आत कोण काय करतं ते देवाला ठाऊक. पहिल्या आठवड्यात माझ्याशी सगळ्यात जास्त बोलली ती लिफ्ट.

पण भिंतीपलीकडे एक शेजारीण आहे. माझ्यासारखीच करारावरची, वयाने थोडी मोठी, फटकळपणात थेट तुझ्यावर गेलेली. दुपारी आम्ही जिन्याखालच्या टेबलावर डबा खातो. जेवताना कामाचं नाव काढायचं नाही, असं तिने पहिल्याच दिवशी बजावलं. त्यामुळे तिच्या गुडघेदुखीपासून आगाऊ भाच्यापर्यंत सगळं मला माहीत आहे, ती दुर्बिणीतून काय बघते तेवढं सोडून. ती नसती तर मी केव्हाच बॅग भरली असती.

भावोजींना नमस्कार. लोभ आहे तेवढा राहू दे, थोडा वाढला तरी माझी हरकत नाही.

तुझी,
पिटू

१९ फेब्रुवारी

चि. पिटूस,
अ. उ. आ.

पत्र दवाखान्यातच वाचलं, पेशंटला आ वासून बसवून. तू आकाशात डोकावतेस, मी लोकांच्या तोंडात. अंधार दोघींच्या नशिबी. आई विचारते, नोकरी कायम कधी होणार. मी सांगितलं की तारे कोट्यवधी वर्षं टिकतात, बघणाऱ्यांना मात्र दोन वर्षांचा करार मिळतो. तिला मुळीच पटलं नाही.

तुला एकटीला गाडीत बसवून परतताना माझा जीव थाऱ्यावर नव्हता. तेव्हा बोलले नाही, आता लिहिते. शेजारणीला माझा नमस्कार सांग आणि तिला जप.

तुझी,
ताई

११ मे

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

फार मोठा घोळ झालाय. मोठ्या दुर्बिणीचा वेळ हवा तर अर्ज करावा लागतो, आणि अर्ज करणाऱ्यांनीच एकमेकांचे अर्ज तपासायचे असतात. वशिला नको म्हणून नावं काढलेली असतात. एका अर्जाला मी कमी गुण दिले आणि शेरा मारला, की बघायची घाई दिसते, पण बघून काय कळणार हे लिहिणाऱ्यालाच ठाऊक नाही. जे वाटलं तेच लिहिलं. वाक्य जमलं म्हणून खूशही झाले.

काल जेवताना शेजारणीने पहिल्यांदाच कामाचं नाव काढलं. तिचा अर्ज नामंजूर झाला होता. तिने शेरा वाचून दाखवला, तो माझाच. एकाच इमारतीतल्यांचे अर्ज एकमेकांकडे जात नाहीत, पण हा तिच्या जुन्या सरांच्या संस्थेतून गेला होता, म्हणून माझ्याकडे आला. मी डब्याचं झाकण लावलं. तिच्या कराराची मुदतवाढ दुर्बिणीच्या याच वेळेवर अवलंबून होती.

शेरा कोणाचा ते सांगायचं नाही, असा नियम आहे. त्याच्या आड लपता येतं, पण तिच्यासमोर बसून जेववत नाही. सांगितलं आणि ती दुरावली तर इथे मला दुसरं कोणी नाही. काय करू? माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
पिटू

२० मे

चि. पिटूस,
अ. उ. आ.

सांगून टाक. तुझे भावोजी म्हणतात गप्प बस. नेहमीप्रमाणे त्यांचं ऐकू नकोस. बोलली नाहीस तर रोज तिच्यासोबत बसशील आणि तरी एकटीच जेवशील.

तुझी,
ताई

८ नोव्हेंबर

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

इतके दिवस लिहिलं नाही, रागावली असशील. तुझं पत्र आलं त्याच आठवड्यात तिला सांगितलं. तिने लोणच्याची फोड माझ्या डब्यात टाकली. मग म्हणाली, शेरा आला त्याच दिवशी ओळखला होता. इतकं लाडीगोडीशिवाय दुसरं कोण बोलतं? तू कबूल करतेस का हे बघायलाच वाचून दाखवला होता. बाकीच्या तपासणाऱ्यांनी नुसतं बरं बरं लिहिलं होतं, अर्ज शेवटच्या पानापर्यंत तूच वाचलास, असंही म्हणाली. मला रडावं की हसावं कळेना.

मग तो अर्ज आम्ही दोघींनी नव्याने लिहून पुन्हा पाठवला. इतकी भांडणं तुझ्याशीही झाली नसतील, आणि इतकी मजा मला या धंद्यात कधी आली नव्हती. पण तिची मुदतवाढ नाकारलेलीच होती. सप्टेंबरात ती गेली. आता कुठल्याशा शाळेत गणित शिकवते. तिच्या खोलीत नवीन मुलगा आलाय, त्याचंही दार बंद.

परवा निकाल लागला. वेळ मंजूर झाला. मंजुरीनंतर नावं उघड करतात. पहिलं तिचं, दुसरं माझं. कार्यालयाने विचारलं, पहिल्या नावापुढे संस्था कोणती लिहायची. तिला विचारलं, तर म्हणाली, शाळेचं नाव घाल, आणि पूर्ण घाल, माध्यमिकसकट. घातलं. मग मजल्यावर ऐकायला कोणी नव्हतं, म्हणून मनसोक्त रडले.

आईला एवढंच सांग की वेळ मिळाला. तुझ्या मायेवर हक्क सांगणारी,

पिटू