हात राहू दे, तोंड चालव

ओसाका, जुलै

धाकट्या शिगेजोला थोरल्या ताईचा आशीर्वाद.

मी बरी आहे. लेकीच्या घरी आयतं खाते, वर नावं ठेवते. तुझा उजवा हात कसा आहे? सून अजून मिसोचं सूप खारट करते का?

यंदा ओबोनला, पितरांच्या सणाला, गावात ढोल वाजणार नाही, असं कळवलंस. वाजवणारा तू एकटाच उरलास आणि हात लुळा पडला. तरी देवळातला ढोल कुणाला देऊ नकोस.

इथल्या समाजकेंद्रात एक ताइको ढोलांचं पथक आहे. शेजारी ओरडतात म्हणून बिचारे जुन्या टायरांवर सराव करतात. मी त्यांना आपल्या गावचा ताल तोंडाने म्हणून शिकवला, डों डोको डों.

त्यांची म्होरकी नात्सुए, केस कापायचा धंदा करते, ती म्हणाली, "आजी, पुढचं?"

पुढचं मला कुठे येतं? वडिलांनी सगळा ताल तुला दिला. मी चुलीपाशी कानावर पडला तेवढा उचलला.

"पुढचं माझ्या भावाकडे आहे."

"मग तिकडेच जाऊ की."

ओबोनला आम्ही सगळे येतोय. टायर बडवायची सवय झालेली माणसं आहेत, ढोलाच्या कातड्यावर फार जोर लावतील. हसू नकोस.

हात गेला, जीभ शाबूत आहे. ढोलाशेजारी बस आणि ताल शेवटपर्यंत म्हण, ते वाजवतील.

तोवर मरायचं नाही.

तुझी,
तोमेताई